लेणीचं गेट

रामकिसनचं मिलमधलं काम गुडघ्यांनी सोडवलं. जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये तो सांडशीवर होता. भट्टीतून निघालेली लालभडक सळई रुळांमधून सरसरत यायची. तिचं तोंड सांडशीत पकडायचं, अर्ध्या गिरकीत वळायचं आणि पुढच्या रुळात घालायचं. पाळीभर उभ्याने, जाड चामड्याच्या बुटांत. गुडघे आधी दुखायला लागले, मग सुजायला लागले, आणि एक दिवस तो वळला पण पाय वळले नाहीत. सळई बाजूने गेली, कुणाला लागली नाही. सुपरवायझरने त्याला पंख्याखाली बसवून पाणी दिलं आणि आठवड्याभरात कामावरून कमी केलं.

तो तीर्थपुरीच्या अलीकडे, आपल्या वस्तीत परत आला आणि बाजेवर पडून राहू लागला. झोप लागायची नाही, पण उठावंसंही वाटायचं नाही. बायको सत्यशीला सकाळी शाळेत खिचडी शिजवायला जायची, दुपारी महिला मंडळाच्या कामाला लागायची. जाता-येता ती म्हणायची, "आवो, बाजंला मुळ्या फुटतील."

"फुटू दे. पाणी घाल."

बहिणीचा मुलगा भारत टेम्पो चालवायचा. तो अधूनमधून येऊन बसायचा. त्याला रामकिसन एकदा म्हणाला, "इतकं लोखंड गेलं हातातून. पुण्याला गेलं, हैद्राबादला गेलं. समदं शिमिटात गाडलेलं. माझ्या हातचं म्हणून डोळ्यांनी दिसंल असं कुठंच काही न्हाई."

"मंग काय मामा, बिल्डिंगीवर तुमचं नाव लिवायचं का?"

रामकिसन हसला नाही. भारतनेही विषय सोडून दिला.

जालना रस्त्याला लागून एक बोडकी टेकडी आहे. तिच्या माथ्याच्या जरा खाली लेणी आहे: एक ओसरी आणि आत एकामागे एक दोन लहान खोल्या. टेकडीचा काळा खडक जिथे संपतो तिथे लाल, मऊ थर लागतो, हात फिरवला की वाळूसारखा सुटणारा. दोन वेळच्या लाव्हांच्या मधला तो थर. कोरायला सोपा म्हणूनच कुणीतरी तिथे कोरलं असावं, आणि म्हणूनच ते झिजलंही. ओसरीतून आत जायच्या दारावर पिंपळपानासारखी कमान आहे, निम्मी पुसट झालेली. खाली रस्त्यावरून ट्रक जातात, त्यांच्या काचेतून फक्त एक काळं भोक दिसतं.

वस्तीतली माणसं बुद्धपौर्णिमेला पांढरे कपडे घालून तिथे चढून जातात. आत शिरताना प्रत्येकजण दाराच्या उजव्या कडेला हात लावतो. कुणी सांगितलं नाही, कुठे लिहिलेलं नाही, पण आजोबा लावायचे म्हणून बाप लावायचा. ती कड हातांनी गुळगुळीत झालेली आहे. मग वंदना होते, खीर वाटतात आणि ऊन चढायच्या आत उतरतात.

मागच्या वर्षी आत दारूच्या बाटल्या, शेळ्यांच्या लेंड्या आणि भिंतीवर कुणाकुणाची नावं सापडली. विहारात बैठक झाली. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं की लोखंडी गेट बसवून कुलूप घालावं. सत्यशीला उठून म्हणाली, "आमच्या घरचे करतेल. पौर्णिमेच्या आत बसवून देतेल." रामकिसनला तिने विचारलंही नव्हतं. घरी येऊन तिने सांगितलं तेव्हा तो बाजेवर उठून बसला.

"कोणत्या साइजचं?"

"ते तुमी बघा. माझं काम बोलायचं हुतं."

त्या रात्री पडल्या पडल्या त्याच्या डोळ्यांसमोर गेट उभं राहिलं. रस्त्याने जाणाऱ्याला दिसेल असं.

तीर्थपुरीत भुजंगचं वेल्डिंगचं दुकान होतं. भुजंगने एक कोपरा मोकळा करून दिला. जाड गज, पट्ट्या, बिजागऱ्या आणि वरच्या बाजूला चोवीस आऱ्यांचं चक्र. आरे एकसारखे येईनात म्हणून रामकिसनने ते चक्र दोनदा तोडून परत जोडलं. गुडघा वाकत नव्हता, म्हणून डब्यावर बसून काम करायचा. संध्याकाळी घरी आला की तोंड धुवायचीही ताकद राहायची नाही. पण सत्यशीलाने बाजेबद्दल बोलायचं सोडलं होतं.

एप्रिलच्या शेवटी भारतने टेम्पोत गेट घालून टेकडीखाली आणलं. दोन पाखं दोन खेपांत न्यायची होती. मुरमाची वाट कशीबशी गेली. पुढे काळ्या खडकाचा उतार होता, पावलांनी घासून गुळगुळीत झालेला. तिथे रामकिसनला दर चार पावलांवर थांबावं लागलं. टेकडीवर सावलीचा ठिपका नव्हता. खडक बुटातून पोळत होता.

ओसरीत जयवंताबाई बसली होती, शेळ्या आतल्या खोलीत सावलीला. उन्हाळ्यात दुपारची ती इथेच असायची, तिच्या आधी तिची सासूही असायची.

"आणलं का दार?" ती म्हणाली. "आता शेळ्या कुठं घालू दुपारच्या?"

"खालच्या बाभळीखाली घाला, मावशी."

"त्या बाभळीला सावली राह्यली का? ती तर माझ्या शेळ्यांनीच खाल्ली."

भारत हसला. रामकिसन म्हणाला, "वस्तीनं ठरवलंय मावशी. मी निस्ता बसवून राह्यलो."

"बसीव बाबा. मी काय धरून ठिवलंय का? सकाळी झाडून काढते तेवढंच." तिने काठी आपटून शेळ्या बाहेर काढल्या, पण ती गेली नाही. उन्हात डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली.

रामकिसनने चौकट लावून पाहिली. माप बरोबर होतं. त्याने भुजंगचं बॅटरीवरचं ड्रिल मशीन उजव्या कडेला टेकवलं. लोण्यात जावं तसं ते आत गेलं. जन्मभर त्याने लोखंड पाहिलं होतं. लोखंड जितकं घट्ट दाबाल तितकं घट्ट बसतं. त्याने जाड खुंटी भोकात घातली आणि हातोड्याने ठोकली, जरा जास्तच.

आधी बारीक वाळू गळली. मग दाराची उजवी कड, कमानीच्या पानाच्या निम्म्या टोकासकट, निघाली आणि त्याच्या पायाजवळ पडून फुटली.

एक शेळी आत डोकावली, जयवंताबाईने तिला शिंगाला धरून मागे ओढलं.

"मामा," भारत हळूच म्हणाला, "शिमिट कालवून थापून टाकू. लाल रंग मारला की कुणाला कळणार बी न्हाई."

रामकिसन खाली बसला. त्याने तुकडे गोळा केले. त्यातला एक गुळगुळीत होता. तो त्याने अंगठ्याने चोळला तर त्याचीही वाळू सुटली.

"दुसरीकडून ठोकू का?" भारतने विचारलं.

"न्हाई. ह्यो खडक लोखंड धरत न्हाई." तुकडे आतल्या कोनाड्यात ठेवून तो म्हणाला, "घरी चल."

गेट तिथेच टेकडीवर, खडकाला टेकवून ठेवलं.

घरी सत्यशीलाने सगळं ऐकलं. भाकरी थापायची थांबली नाही. "मी बैठकीत शब्द दिला हुता."

"म्हाइत हाय."

"लोक म्हनतेल, ह्यांच्या घरच्यानं लेणी फोडली."

"फोडलीच की."

"मंग भारत म्हनतो तसं शिमिट का लावत न्हाई?"

"आगं, तिथं हात लावतेत लोक. त्यांनी काय शिमिटाला हात लावायचा?"

सकाळी खिचडीचं काम दुसऱ्या बाईवर टाकून ती म्हणाली, "चला, मला बघू द्या."

दोघं रिक्षाने टेकडीपर्यंत गेले. वर जाऊन तिने फुटलेली जागा पाहिली, तिच्यावरून बोटं फिरवली. बोटांना लाल भुकटी लागली. गेटकडेही तिने पाहिलं, बराच वेळ.

"चक्र बराबर झालंय," एवढंच म्हणाली.

उतरताना काळ्या खडकावर तिची चप्पल सरकली. ती बसकण मारून हातभर घसरली. रामकिसन तिला धरायला वाकला तर त्याचाच गुडघा दगा देऊन गेला आणि दोघं खडकावर शेजारी शेजारी बसले.

"तुमी कशाला आलात मधी?" ती कोपर चोळत म्हणाली. "दोघांला उचलायला आता क्रेन बोलवा. ती कांताबाई तीन साल झाले वर आली न्हाई, ह्या खडकाच्या भ्यानं. इथं काही धरायला नको का? दाराचं सुचतंय समद्यांला."

रामकिसन खडकाकडे बघत होता. त्याने बाजूचा दगड उचलला आणि बसल्या जागी खडकावर मारला. टण्ण वाजला. दुसऱ्या जागी मारला. तिथेही तसाच.

"काय करून राह्यलात?"

"ह्यो धरतो," तो म्हणाला.

भारतने गेट टेम्पोत घालून परत भुजंगच्या दुकानात आणलं. ते कापायला रामकिसनला बनवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. भुजंगने एकदा विचारलं, "चक्र तरी ठिवायचं का?" रामकिसनने चक्र कापून बाजूला काढलं, सत्यशीलाने ते विहाराच्या खिडकीत लावायला नेलं. बाकी गजांचे खांब झाले, पट्ट्या जोडून लांब कठडा झाला. काळ्या खडकात भोकं पाडताना ड्रिलच्या बिटांवर बिटं बोथट झाली. भारत रोज काहीतरी कुरकुरायचा आणि रोज यायचा. रामकिसन एक खांब बसवायचा, मग त्याच खांबाला पाठ लावून डोळे मिटून बसायचा. जयवंताबाई वरून ओरडायची, "झोपला का मेला रं तो?" आणि पाण्याचा तांब्या घेऊन उतरायची. सगळा उतार होणार नव्हता. सर्वांत निसरड्या पट्ट्यापुरतंच लोखंड पुरलं.

पौर्णिमेला सकाळी वस्ती निघाली. कठडा धरून बाया चढल्या. कांताबाई दोन्ही हातांनी कठड्याला लोंबकळत, प्रत्येक खांबाशी दम खात, पण चढली. विहाराचं काम पाहणारे राजानंद सर ओसरीत पोहोचले आणि इकडेतिकडे पाहू लागले.

"रामकिसन, गेट कुठंय?"

"तुमी धरून आलात तेच, सर."

कांताबाईचा हात सवयीने दाराच्या उजव्या कडेला गेला आणि थबकला. तिने वाकून पाहिलं. मागची माणसं थांबली.

"हे मी फोडलं," रामकिसन म्हणाला. "गेट बसवताना. लय जोरात ठोकलं. हा खडक लोखंड धरत न्हाई, मला ठोकल्यावर कळालं. तुकडे आतल्या कोनाड्यात ठिवलेत."

"आन् शिमिट न्हाई लावलं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"न्हाई लावलं."

"मंग दारुडे?" राजानंद सरांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे दोन नव्या बाटल्या होत्या. "त्याचं काय? सालभर काय केलं आपण?"

रामकिसनने बाटल्यांकडे पाहिलं. तो थकल्यासारखा भिंतीला टेकला. सत्यशीला पुढे झाली, बाटल्या उचलून पिशवीत घातल्या आणि म्हणाली, "बैठक घ्या परत. आता वंदना सुरू करा, ऊन चढून राह्यलं."

राजानंद सर नाराज होते, ते शेवटपर्यंत नाराजच राहिले. पण कांताबाईने फुटलेल्या कडेला हात लावला आणि आत गेली. तिच्या मागचे काही जण थांबले, काहींनी लावला, काहींनी नाही.

खीर वाटता वाटता उशीर झाला. जयवंताबाई शेळ्या घेऊन खाली थांबलेली होती, तिलाही एक डबा गेला. उतरायला निघाले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. कांताबाईने कठडा धरला आणि झटकन सोडला.

"रामकिसन, हे तर तव्यावानी तापलंय."

"लोखंड हाय मावशी, उन्हात तापणारच."

"आरं, जलमभर तापल्या लोखंडात काढलास. तुला कळाया नको?"

सगळे हसले. राजानंद सरही हसले. रामकिसनला खरंच सुचलं नव्हतं. सगळं बसवलं ते सकाळच्या पारी, आणि नंतर कठड्याला हात लावायला तो कधी थांबला नव्हता. कांताबाईने पांढऱ्या पदराचा बोळा हातात घेतला आणि त्यावरून कठडा धरून उतरू लागली. मागच्या बायांनी तसंच केलं. पदरांवर गंजाचे तपकिरी पट्टे उमटत गेले.

"रंग द्यायचा राह्यला," सत्यशीला म्हणाली. "आन् वरून सुतळी गुंडाळा."

"बघू."

"बघू न्हाई. पावसाच्या आत."

ती उतरली. सगळे उतरेपर्यंत तो वरच बसून राहिला. मग उठला आणि कठडा धरला. मिल सोडल्याला दोन वर्षं होत आली होती, तळहाताचे घट्टे मऊ पडले होते. हात पोळला. त्याने शर्टाचं पांढरं टोक बाहेर ओढलं, ते हाताखाली घेतलं आणि दुखरा पाय आधी टाकत, आडवा होऊन, एकेक पाऊल खाली येऊ लागला.