गाव न सांगणारी म्हातारी

ती घटना विसरण्याचा मी बराच प्रयत्न केला. निवृत्त होऊन आता तीन वर्षं होतील, पण अजून जमलेलं नाही.

नोकरीच्या शेवटी मी पाथर्डी तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी नुकतीच उरकली होती आणि ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडायच्या घाईत होत्या. सकाळची हजेरी चालू असताना कोकणातून फोन आला. तिथल्या एका जुन्या बंदराच्या गावात माझा प्रशिक्षणाच्या वेळचा मित्र ठाणे सांभाळत होता.

त्या गावात एक गाइड लोकांना पायी फिरवून जुना धक्का, गोदामं, किल्ला, दीपगृह दाखवायचा. सुट्टीत त्याने सहकुटुंब फेरी ठेवली होती. मुलांना कागदाच्या होड्या, मोठ्यांना बंदराच्या गोष्टी आणि शेवटी सगळ्यांना जेवण. नावनोंदणी नव्हती, येईल तो आपला. जेवणं झाली, माणसं पांगली आणि धक्क्यावर सत्तरीची एक म्हातारी बसून राहिली. गाइडने विचारलं, तर म्हणाली, "माजी मान्सं पुढं गेलीत, येतील." कोणीच आलं नाही.

"दोन दिवस झाले," मित्र म्हणाला, "नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. डॉक्टर म्हणतात विसरभोळी झाली असेल. काल गाइडच्या बायकोशी बोलताना म्हणाली, 'लेकाचा कोयता हाय.' इथले लोक घाबरलेत. मुलाने कोयता उगारून हाकललं की काय?"

मी फोनवर हसलो. "अरे, आमच्याकडे ऊस तोडायला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. लेक आणि सून तोडीला जातात, एवढंच सांगतेय ती. फोटो पाठव."

खरं सांगतो, त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो. हवालदारांनाही दोनदा तो किस्सा ऐकवला.

फोटो सगळ्या गावांच्या पोलीस पाटलांना पाठवला. दुपारी एका पाटलांचा फोन आला. "सायेब, ही आमच्याच गावची हाय. पन लेक तर म्हनतोय, आई बहिनीकडं गेलीया. उद्या त्याची टोळी निघायची."

लेकाला ठाण्यात बोलावलं. पस्तिशीचा, अंगाने काटक, हातांना घट्टे पडलेले. समोर पाणी ठेवलं तरी त्याने घेतलं नाही.

"आई कुठंय?"

"बहिनीकडं."

"लाव बहिणीला फोन."

मोबाईल हातात धरून तो बसून राहिला. खोटं बोलायची सवय असलेला माणूस अशा वेळी लगेच दुसरं खोटं काढतो. याला ते येत नव्हतं.

तोवर गाइडने फेरीचे सगळे फोटो पाठवले होते. एका फोटोत मंडळी किल्ल्याच्या पायऱ्या चढत होती. त्यांच्या मागे, कडेला, याने आईला पाठीवर घेतलं होतं. तिचे हात त्याच्या गळ्याभोवती होते आणि ती समुद्राकडे बघत होती. मी तो फोटो मोठा करून त्याच्यासमोर धरला.

तो रडला नाही. मग म्हणाला, "तिनं समुद्र कदी बगितला नव्हता, सायेब."

नंतर सगळं सांगितलं. गेल्या वर्षी हे तोडीला गेले असताना आई घरात पडली होती. दोन दिवस कुणाला पत्ता नव्हता. आता नजरही गेल्यात जमा. "घरी ठिवली तर एकली मरंल. उसाच्या फडावर न्यावी तर पाचटाच्या कोपीत थंडीनं मरंल. बहिन बी आमच्यासारकीच, तोडीला जाती. मी मागं कांद्याच्या टेम्पोबरूबर तितं गेल्तो. त्या मान्साला लोकं फिरवताना बगितलं हुतं. म्हाताऱ्या मान्सांना हात धरून पायऱ्या चढवीत हुता. चांगली मान्सं वाटली. म्हनलं, हितं कुनीतरी बगंल तिच्याकडं."

आई-बापाला असं टाकून देणं हा कायद्याने गुन्हा आहे. ते मी त्याला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीत घालून कोकणात घेऊन गेलो. टोळी त्याला सोडून निघून गेली.

म्हातारीला तिथल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं होतं. गाइड आमच्यासोबत आला. चार दिवसांत त्याचाच चेहरा उतरला होता. "गर्दीत माझंच लक्ष राहिलं नाही," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

लेकाची चाहूल लागताच म्हातारी उठून उभी राहिली. माझ्याकडे वळून म्हणाली, "सायेब, तुमाला गाव कुनी सांगितलं?"

"तुम्हीच, आजी. कोयता म्हणालात ना?" अजूनही माझ्या आवाजात थोडी ऐट होती, हे मला चांगलं आठवतं.

ती पुन्हा खाली बसली. "येवडं जपलं, आन त्यातनं गेलंच व्हय तोंडातून."

तेव्हा मला कळलं. ती काही विसरली नव्हती. लेकाच्या मागे पोलीस लागू नयेत म्हणून चार दिवस तिने स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं.

मित्राने जबाब घेतला. तिने सांगितलं, "गर्दीत मीच हात सोडला. लेकाचा काय बी दोस न्हाई." आम्ही तसंच लिहिलं, वाचून दाखवलं आणि अंगठा घेतला. लेक दारात उभा राहून ऐकत होता. आता मात्र तो भिंतीला डोकं लावून रडायला लागला.

"तो सोडून जाणार हे तुम्हाला माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

"त्यानं पाटीवर घेतलं तवाच वळकलं. रडत हुता त्यो. पाट हालत हुती."

कागद पूर्ण झाले होते. मी म्हणालो, "चला आजी, घरी चला. मी बोललोय त्याच्याशी."

तिने मान हलवली. "न्हाई सायेब. मला काय कळलं न्हाई आसं त्याला वाटत हुतं, तवर बरं हुतं. आता त्याला ठावं झालं. माज्याम्होरं बसून त्यो जेवंल कसा?"

मी खूप समजावलं. लेकाने पाय धरले. तिने त्याच्या केसांतून हात फिरवला, पण ती आली नाही. पुढच्याच पौषात ती त्या आश्रमातच वारली. गाइडने मला कळवलं आणि मागाहून टोळीला जाऊन मिळालेल्या लेकाला मी फडावर फोन करून सांगितलं. असे फोन मी नोकरीत पुष्कळ केले, पण त्या दिवशी नंबर लावायला मला अर्धा तास लागला.

माझ्या लेखी तपास चोख झाला होता. एका शब्दावरून गाव काढलं, चार दिवसांत प्रकरण मिटवलं, वरिष्ठांनी पाठ थोपटली. म्हातारीने मात्र स्वतःचं सगळं देऊन लेकासाठी जे झाकून ठेवलं होतं, ते मी हुशारीने उघडं केलं. तिला शोधू नये असं मी आजही म्हणणार नाही, शोधायलाच हवं होतं. पण आधी तिला एकटीला न भेटताच मी लेकाला तिच्यासमोर उभं केलं, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यानंतर नोकरीची दोन वर्षं उरली होती. त्या काळात कोणी नाव-गाव सांगत नसलं की मी आवाज चढवला नाही. जवळ बसून आधी एकच विचारायचो, तुम्ही सांगितलंत तर त्रास कुणाला होईल? बहुतेक माणसं तिथेच रडायला लागायची. तिला मात्र हे कोणीच विचारलं नाही.