थांबून पाहणारा

लाखनीला हायवेवर त्याची राइस मिल आहे. काहीही विचारा, तो आधी धानाचे चार दाणे तळहातावर चोळतो, फुंकरीने तूस उडवतो आणि मगच बोलतो.

निवडणूक आली की तो मिल बंद ठेवतो. "नवं सरकार तांदूळ बाहेर देशात जाऊ देते का नाही, पाहू. धान ठेवता येते. भरडल्यावर वापस धान होते का?"

यंदा मी विचारलं, "अन् मिलवरच्या बाया?"

"त्या कुठं जाऊन राहिल्या, भाऊ! इथंच तं आहेत."

सरकार बदललं. नव्या सरकारने तांदूळ बाहेर देशात जाऊ दिला; त्याचं थांबणं फायद्याचं ठरलं. मिल उघडली त्या दिवशी मी गेलो, तर तो फाटकात एकटाच उभा. बाया केव्हाच नागपूरला बांधकामावर गेल्या होत्या.

हातातले दाणे न चोळताच तो म्हणाला, "थांबल्या काहून नाही?"