जीभ माझी, उत्तरं सासूबाईंची

चिनी पद्धतीने उपचार करणाऱ्या त्या वैद्यांनी मला जीभ बाहेर काढायला सांगितली आणि ती न्याहाळत सासूबाईंना विचारलं, "हिला झोप लागते का?"

एकतिसाव्या वर्षी माझी पाळी थांबली होती. बीजकोशांनी वेळेआधीच काम थांबवलंय, असं इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. का थांबवलं, ते बऱ्याचदा कळत नाही, असंही म्हणाले होते. घरात कुणालाच ते 'कळत नाही' सोसलं नाही, म्हणून आम्ही इथे आलो होतो.

वैद्यांनी दोन्ही मनगटांवर बोटं ठेवून नाडी पाहिली. "मूत्रपिंडांची शक्ती आटलीय," ते म्हणाले. त्यांच्या शास्त्रात पाळीचं मूळ तिथेच मानतात.

"आटणारच. लग्नाआधीपासून नुसती नोकरीची धावपळ आणि जागरणं," सासूबाई म्हणाल्या. वैद्यांनी तेही लिहून घेतलं.

त्यांच्या अॅक्युपंक्चरच्या सुयांशी माझं भांडण नाही. पुढे त्या सुयांनी मला शांत झोपही दिली. पण बाईच्या शरीरात काही बंद पडलं की त्याचं कारण तिच्या वागण्यात शोधायची एवढी घाई का असते? सासऱ्यांना मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांनी तरुणपणी काय काय पाहिलं, हे कुणी विचारलं नव्हतं.

"हिला राग येतो का?" वैद्यांचा पुढचा प्रश्न आला, तोही सासूबाईंनाच.

"छे हो, स्वभावाने अगदी गरीब आहे."

"येतो," मी म्हणाले. "आत्ताही आलाय. लिहून घ्या, आणि यापुढचं मला विचारा."

तेव्हा कुठे वैद्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.