कात्रीची दोन पाती

सदर बाजारात शिलाईचं दुकान चालवणाऱ्या अंजनाबाई झटक्यात कापड बेतत आणि त्यांचे यजमान रुपराव तेच कापड गोगलगाईच्या चालीने शिवत. यावरून दोघांचं रोज वाजे. शेजारी त्यांना कात्रीची दोन पाती म्हणत.

चौऱ्याहत्तर साली रुपरावांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आठवडाभर दुकानात अंजनाबाईंशी भांडायला कोणी नव्हतं, तरी त्यांच्या हातून एक झंपर धड बेतला गेला नाही.

पट्टी सुटली तेव्हा रुपरावांनी बायकोकडे निरखून पाहिलं. "तुह्या झंपराची बाही उसवली वं. घाईघाईनं शिवला का?"

"तुम्हाले टाका दिसते?" अंजनाबाईंनी विचारलं.

"दिसते. वाकडा आहे."

आठवड्यात पहिल्यांदाच त्या हसल्या. "मंग चला घरी, तुम्हीच शिवा."