मापातला थेंब

तेलाचा भाव पुन्हा चढला होता. वाण्याच्या दुकानात माझ्या पुढच्या बाईंनी पाव लिटरच सुटं तेल मागितलं. बाटलीत पडणारी धार तुटली, तरी त्या हलेनात.

"झालं, वहिनी," वाणी म्हणाला.

"थांबा हो, मापात अजून आहे."

"बाहेरून येणाऱ्या तेलावर कर वाढलाय. माझ्या हातात काय आहे?"

त्या मापाच्या काठावरचा थेंब बघत राहिल्या. दिल्लीत कुणी सही करतं, आणि इथे आमटीची फोडणी कोरडी पडते. चिडायचं तरी कुणावर? रांगेत कुणीच घाई केली नाही.

माझी पाळी आली. धार तुटली. वाण्याने माप बाजूला घेतलं, आणि माझ्याच तोंडून निघालं, "थांबा हो."