अरुणच्या कयाकमधला बुडबुडा

सरोजवहिनींचा फोन आला तेव्हा मी शास्त्रीनगरच्या घरी दाढी करत होतो. "भावजी, हे गेले…" एवढंच त्या म्हणाल्या. खरं सांगतो, दुःखाच्याही आधी माझ्या मनात आलं की अरुणपेक्षा चांगली कयाक करून दाखवायची राहूनच गेली. अशा वेळी असलं काही सुचावं याची लाज वाटते, पण सुचलं.

अरुण आणि मी भुसावळहून एकाच वर्षी बदली होऊन जयपूरच्या रेल्वे कारखान्यात आलो. डब्यांतल्या फायबरच्या वस्तू दुरुस्त करता करता दोघंही ते काम शिकलो. निवृत्तीनंतर त्यानं विद्याधरनगरच्या आपल्या घराच्या अंगणात, धरणावरच्या बोट क्लबसाठी कयाक, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद, निमुळत्या होड्या, करायला घेतल्या आणि मीही घरी साचा मांडला. मला पाण्याची काडीचीही आवड नव्हती. तो करतो म्हणून मला करायच्या होत्या.

साच्याला मेण चोळायचं, रंगाचा थर द्यायचा, वर काचेच्या धाग्यांची चटई पसरून तिच्यात रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारं चिकट द्रव्य, जिरवायचं. तळ आणि वरचं झाकण वेगवेगळं करून शेवटी जोडायचं. कृती दोघांची एकच. पण मी रेझिन सढळ हातानं ओतायचो, आणि तो रोलर फिरवून फिरवून जास्तीचं रेझिन आणि आतली हवा बाहेर काढत बसायचा. त्याची कयाक एक माणूस खांद्यावर टाकून न्यायचा, माझीला दोघं लागायचे. एकदा ऐन मे महिन्यात मी रेझिन कडक करणारं हार्डनर सवयीनं थंडीतल्या जास्तीच्या मापानं घातलं. डब्यातून धूर निघाला, ब्रश आतच दगड झाला. अरुण हसलासुद्धा नाही. "अरे, थोडं काम उन्हाला पण करू दे," एवढंच म्हणाला. हसला असता तर बरं झालं असतं. क्लबवर लोक माझ्यादेखत विचारायचे, "भैया, अरुणजी वाली खाली है क्या?" घरी आमची ही म्हणायची, अरुणभावजींच्या हाताला काय सफाई आहे… मी जेवणावरून उठायचो.

तेराव्यानंतर वहिनींनी त्याची अर्धी राहिलेली कयाक पुरी करायला मला बोलावलं. झाकण जोडण्याआधी बॅटरी घेऊन तळ तपासला. मागच्या निमुळत्या टोकाला चटईखाली बुडबुडा होता, चांगला रुपयाएवढा. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "अरुण, इकडे ये, हे बघ" म्हणायला मी वळलोसुद्धा… अंगणात कोणी नव्हतं. इतक्या वर्षांनी त्याची चूक सापडली आणि ती दाखवायला तोच नाही. मी तिथेच फरशीवर बसून रडलो.

मग तेवढा भाग कापला, घासला, नवी चटई बसवली आणि रेझिनचा शेवटचा जास्तीचा थेंब निघेपर्यंत रोलर फिरवला. झाकण जोडून झालं तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या.

"आत सगळं नीट होतं ना हो?"

"एक बुडबुडा नव्हता, वहिनी. असं काम माझ्याच्यानं जन्मात व्हायचं नाही."

त्याच्या कामाला मी आयुष्यात पहिल्यांदा चांगलं म्हटलं, आणि नेमकं तेव्हाच ते खरं नव्हतं.