वहिनींचा होकार

लेबलं छापणारी यंत्रं बनवणारा एक घरगुती कारखाना होता. असं यंत्र कॉम्प्युटरला जोडलं तर छापतं. नाही जोडलं, तर कागद उडू नयेत म्हणून वर ठेवायला बरं पडतं.

घरची थोरली सून यंत्रं तपासायची. तिची खुर्ची खिडकीजवळ होती. एकदा नव्या तऱ्हेचं पोर्ट, म्हणजे केबल खुपसायची खाच, निघालं आणि कारखान्याचे साहेब, म्हणजे तिचे धाकटे दीर, हर्षभरित झाले. जुनं पोर्ट काढून नुसतं नवंच बसवा, असा हुकूम सुटला.

"भाऊजी, थांबा जरा. कॉम्प्युटरवाले ते घेतायत का, बघू तरी."

कॉम्प्युटरवाल्यांनी घेतलं नाही. यंत्रं गेली तशी परत आली. भर बैठकीत साहेब म्हणाले, "वहिनींनी नीट तपासलं नाही." कारखाना सासूबाईंच्या नावावर, त्यांनी पोटच्या पोराचं ऐकलं. सुनेची रवानगी परत आलेल्या मालाच्या खोलीत झाली. तिथे खिडकी नव्हती, डुगडुगतं स्टूल होतं. कामगार तिला 'परतवहिनी' म्हणू लागले. ती हसायची. राग ही वाया घालवायची वस्तू नव्हे, हे तिला माहीत होतं.

काही वर्षांनी आणखी एक पोर्ट आलं. दुधानं पोळलेले साहेब आता ताक फुंकत होते. त्यांनी सासूबाईंसमोरच तिला विचारलं. पुढेमागे खापर फोडायचं तर साक्षीदार असलेला बरा.

पोर्ट तिनं पारखून पाहिलं होतं. चांगलं होतं. कॉम्प्युटरवाले ते घेणार, हेही उघड होतं. आणि दिराला तर ती त्याहून जास्त ओळखत होती.

"घ्या ना भाऊजी, आजच घ्या," ती इतकं गोड बोलली, की साहेबांचा कप ओठांपाशी थबकला. "जुनंही असू द्या, नवंही बसवा. माझ्या मनात काही नाही हो."

ती बाहेर जाताच साहेब कुजबुजले, "आई, सूड उगवतेय ती! मला पुन्हा खड्ड्यात घालायचंय तिला. आपण थांबायचं."

"थांब बाबा. पण ती हो म्हणाली, हे मी ऐकलंय."

साहेबांचा अंदाज बरोबर होता. सूडच होता तो. फक्त खरं बोलून घेतलेला.

बघता बघता सगळ्या कॉम्प्युटरांवर तेच पोर्ट आलं. गिऱ्हाइकं दुसऱ्या कारखान्याकडे गेली, यंत्रं परत आली.

"थांब म्हणाली तेव्हा धावलास, धाव म्हणाली तेव्हा थांबलास," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "आता तिच्या जागी बस."

परतीच्या खोलीत वहिनींनी साहेबांसाठी स्टूल पुसून ठेवलं.

"या भाऊजी. याचा डावा पाय आखूड आहे. खाली तुमच्या त्या पहिल्या पोर्टची केबल गुंडाळून ठेवायचे मी, मग डुगडुगत नाही."

साहेबांनी वाकून पाहिलं. खाली केबल नव्हती.

"ती माझी आहे," वहिनी म्हणाल्या आणि केबल घेऊन आपल्या खिडकीजवळच्या खुर्चीकडे निघाल्या.